ताटांच्या खोळी

त्या दुपारी मांडणीवरच्या ताटांना खोळी मी चढवल्या होत्या. वसंतीने त्या सकाळीच काढून ठेवल्या होत्या. हे आजवर मी कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा एवढी गोष्ट वगळून बाकीची गाऱ्हाणी सांगत आलो. वसंती माझी बायको. तिला तर नाहीच नाही.

भांड्यांना खोळी घालणं हा काय गुन्हा झाला, असं कुणालाही वाटेल. म्हणून सगळंच सांगायला हवं.

यंदाची थंडी सुरू झाली आहे. भाताची कापणी होऊन गेली, रिकाम्या शेतांत वालाचे वेल पसरलेत, आणि सकाळी पेंढ्याच्या उडव्यांवर दव इतकं असतं की उन्हं आल्यावर त्यांतून वाफ निघते. गेल्या थंडीत आमच्या तलासरी-डहाणूच्या पट्ट्यात जमीन हलायला लागली, ती अजून पुरती थांबलेली नाही. महिना महिना गप्प बसते आणि मग मध्येच अंग झाडते. लोक आता तिच्याविषयी सासुरवाशिणीने खाष्ट सासूविषयी बोलावं तसं बोलतात. ‘आज बरी आहे.’ ‘काल जरा बिघडली होती.’

वसंती ओटीवर पायमशीनवर बसली आहे. समोर कुणाच्या तरी गादीची खोळ. मशीन घरघर चालते, आणि मध्येच थांबते. मी आतून बघतो. दोरा तुटलेला नसतो, बॉबिन संपलेली नसते. ती दोन्ही पाय पायट्यावरून उचलून हवेत धरते, मान थोडी तिरकी करते, आणि मग तळवे अलगद जमिनीवर टेकवते. जमीन शांत आहे ना, हे बघून पुन्हा मशीन सुरू करते. दर शिवणीला हे असं. गेली थंडी ओसरल्यापासून हे असं.

वसंती धाकट्या डहाणूची. बापाची होडी होती. खाडीच्या तोंडाशी राहणाऱ्यांना काही उघडं ठेवून चालत नाही. खारा वारा लोखंडही खातो. त्यामुळे होडीच्या इंजिनाला खोळ, बर्फाच्या पेटीला खोळ, रेडिओला खोळ. लहानपणी ती हाताने शिवायची. लग्न होऊन इकडे आली तेव्हा आमच्या घरात उशांना अभ्रे होते आणि पेटीवर एक जुनी चादर, बस. दोन हजार चौदाच्या दिवाळीत तिच्या भावाने तिला पायमशीन दिली. वर्षभरात घरातली एक वस्तू नागडी राहिली नाही. माझी सायकल विकली तेव्हा घेणारा म्हणाला, “गुरुजी, सीटची खोळ राहू द्या हां. तिच्यासाठीच घेतो.”

मग गावातून बायका यायला लागल्या. मिक्सर, गादी, सिलिंडर, पंखा, शिलाईची मशीन, टीव्ही. ब्लाउज-परकर ती शिवत नसे. “माणूस जाडा होतो, बारीक होतो, आणि शिव्या मला देतो. मिक्सर आहे तेवढाच राहतो,” असं म्हणायची. तिची एक पद्धत होती. नवी खोळ शिवायची तर जुनी आणायची. जुनी ती ब्लेडने टाका टाका उसवायची, तुकडे पाण्यातून काढून सपाट करायची, नव्या कापडावर ठेवायची आणि कडेने बोटभर जास्त सोडून कापायची. टेप घरात होता, पण मी नकाशे काढायला घ्यायचो. ती म्हणे, वस्तूचं माप घ्यायचं नाही, तिच्या कपड्याचं घ्यायचं. इतकी वर्षं अंगावर असतो, त्याला कोपरे-खाचा पाठ असतात.

एकदा झाईहून एक बाई मिक्सर घेऊन आली.

“जुनी खोळ कुठाय?” वसंतीने विचारलं.

“ती उंदरान खाल्ली गो.”

“मग उंदराला आण. माप त्याच्या पोटात असेल.”

ती बाई हसून हसून ओटीवर बसलीच. वसंतीने नुसत्या हातांनी मिक्सर चाचपला आणि ती गेल्यावर कापड कापलं. खोळ बरोब्बर बसली. कुणाच्या गादीची लांबी किती, कुणाला नाडी हवी, कुणाला चेन, सगळं तिच्या डोक्यात. लिहून म्हणून काही ठेवत नसे. ‘वसंतीबाय कधी इसरत नाय’ असं बायका एकमेकींना सांगायच्या. आपल्या विसरभोळ्या नवऱ्याकडे बघत तीही हे ऐकून घ्यायची, आणि तिच्या चेहऱ्यावर एक छोटीशी ऐट यायची. ती ऐट मला आवडायची. आता लिहिताना जाणवतं, तिच्या अंगावरचा तोच एक दागिना होता.

गेल्या थंडीत जमीन हलायला लागली तेव्हा सगळ्यांचे संसार अंगणात आले. घरांच्या भिंतींना चिरा पडल्या. मांडव घातले गेले, प्लास्टिकचे तंबू आले. दवाने गाद्या भिजायला लागल्या, आणि वसंतीकडे रीघ लागली. खाली ताडपत्रीची बाजू, वर कापडाची, अशी गादीची खोळ तिनेच काढली. ओटीवर उसवलेल्या जुन्या खोळींचा ढीग असायचा आणि त्याला त्या त्या घराचा वास असायचा. कुठे सुक्या बोंबलाचा, कुठे बाळाच्या मुताचा, कुठे चुलीच्या धुराचा. सुपारीएवढे कापसाचे गोळे वाऱ्यावर घरभर फिरायचे. आई म्हणायची, “भूकंपान घर पडल तवा पडल, त्याआधी हिच्या कापसान मी गुदमरून मरेन.”

मी शाळेत गुरुजी. वर्ग आम्ही आंब्याखाली भरवायचो. मुलांची भीती घालवायची म्हणून मी रोज सकाळी त्यांच्याकडून एकच गोष्ट वदवून घ्यायचो: भांडी वाजली की बाहेर. मुलं एका सुरात ओरडायची. एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, आमच्या घरात भांडी दोनच. ती कशी वाजतील?”

“मग डबा टांगा. त्यात खडे टाका.”

पुढच्या आठवड्यात पाड्यावरच्या घराघरांत खड्यांचे डबे टांगलेले दिसले. मला फार बरं वाटलं. आपण काहीतरी उपयोगाचं शिकवलं, असं वाटलं.

आमच्या घरात डब्याची गरज नव्हती. स्वयंपाकघरात भिंतीला स्टीलची मांडणी होती, तिच्यात ताटं उभी, एकमेकांना टेकून. जमीन जराशी हलली तरी ती किणकिणायची. आईची खाट माजघरात. तिचे गुडघे गेलेले, धरल्याशिवाय उठता येत नसे. घराचा नियम असा होता की मांडणी वाजली की जो जवळ असेल त्याने आईला धरून अंगणात न्यायचं. रात्री आम्ही अंगणात झोपावं असं मी म्हटलं होतं, पण थंडीने तिला खोकला झाला आणि ती अडून बसली. “मी काय ढोर हाय, बाहेर बांधायला?” मग सगळे घरातच.

भांडी रात्रीतून कितीदा तरी वाजायची. बहुतेक वेळा नुसतीच वाजायची. आम्ही आईला उचलून बाहेर आणायचो, ती कुरकुरायची, आम्ही कुडकुडत उभे राहायचो, काही व्हायचं नाही, पुन्हा आत. काकड्या, आमचा शेजारी, त्याच्या मांडवातून ओरडायचा, “गुरुजी, आईची वरात काढली का?”

मी घाबरलो होतो, हे खरं. पण आज स्पष्टच लिहायचं म्हणून बसलो आहे, तर आणखी एक खरं आहे. मला कंटाळा आला होता. आईला उचलण्याचा कंटाळा. तिच्या काखेत हात घातला की ती कण्हायची आणि माझ्या मनात यायचं, पुन्हा? दिवसभर मुलांसमोर धीराचा चेहरा करून मी घरी यायचो तेव्हा भांड्यांचा आवाज माझ्या दातांत बसायचा. कुणी साधा चमचा खाली ठेवला तरी मी दचकायचो.

शेवटी एका संध्याकाळी मी वसंतीला म्हणालो, “ताटांना खोळी शिव.”

ती हसली. तिला गंमत वाटली.

“खरंच सांगतो. गोधडीचे तुकडे लाव आतून. बारीकसारीक धक्क्यांना वाजणार नाहीत. मोठा आला तर काय, अंगालाच कळेल.”

ती हसायची थांबली. मग म्हणाली, “अहो, मशीनवर बसले की मला जमीन कळत नाही. मशीनच हलत असते, पायही हलत असतात. मला भांडीच कळवतात.”

हे मला सुचलं नव्हतं. मशीनची घरघर जाड आणि भांड्यांचा आवाज बारीक. तो त्या घरघरीतून सुईसारखा आरपार यायचा. दोन-तीनदा तरी तशीच ती उठून धावली होती.

“मग रात्री घालू,” मी म्हणालो. “सकाळी काढ.”

आई आतून ऐकत होती. “भांडी मुकी करू नका रे,” ती म्हणाली. “मुक्या माणसाला शेजार नसतो.”

पण वसंतीने शिवल्या. माझ्या डोळ्यांखालची वर्तुळं बघून शिवल्या असणार. जुन्या गोधडीच्या, गोल, एका बाजूला तोंड असलेल्या, ताटाला टोपीसारख्या बसणाऱ्या. ठरलं असं की दिवे लागले की घालायच्या, आणि सकाळी चहाचं आधण ठेवण्याआधी काढायच्या. ती रोज काढायची. घडी करून मशीनच्या खणात ठेवायची. एकदाही चुकली नाही. मला त्या रात्रींत झोप लागायला लागली.

तो रविवार होता. सकाळी तिने काढल्या. मी पाहिलं. चहा पिताना ती एकेक खोळ झटकत होती आणि गोधडीच्या आतला जुना निळा लुगड्याचा तुकडा दिसत होता. दुपारी जेवणं झाली. ती कपडे घेऊन हापशीवर गेली. आई झोपली. मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात चटईवर आडवा झालो. रस्त्यावरून ट्रक गेला असेल, नाहीतर खरंच हललं असेल, मांडणी किणकिणली. मी उठून बसलो. काही नाही. पुन्हा डोळा लागला, पुन्हा किणकिण. मी गेलो, खणातून खोळी काढल्या, आणि ताटांवर चढवल्या. रागाने चढवल्या, कुणाचं तरी तोंड दाबावं तशा. मग झोपलो. झोप छान लागली.

जागा झालो तेव्हा मशीन चालू होती. वसंती हापशीवरून येऊन थेट ओटीवर बसली होती. “बाजारात जाताय ना? पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आणा,” ती मान वर न करता म्हणाली. मी पिशवी घेऊन निघालो. फाट्यावर टमटममध्ये बसताना आठवलं की खोळी तशाच आहेत. मला अगदी स्वच्छ आठवलं. घर हाकेच्या अंतरावर नव्हतं, पण लांबही नव्हतं. टमटमवाला म्हणाला, “गुरुजी, सरका आत.” मी मनात म्हणालो, इतक्यात काय होतंय. आणि सरकलो.

तलासरीच्या बाजारात मी रीळ घेतलं. शेजारी एका शेठचं भांड्यांचं दुकान. आधी त्याच्या दारातले टांगलेले तांबे एकमेकांवर आपटले. हलकेच. शेठने वर बघितलं, उठून एकेक तांब्या हाताने थांबवला, आणि मग एकदम सगळं दुकान वाजायला लागलं. हंडे, पराती, डबे, चमच्यांचे जुडगे. शेठ “नीकळो, नीकळो बधा!”, निघा सगळे, असं गुजरातीत ओरडत रस्त्यावर आला. लोक पळाले. मी मात्र त्या दुकानाच्या तोंडाशीच उभा राहिलो. तो आवाज संपेपर्यंत. इतका आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता, आणि माझ्या डोळ्यांसमोर माझ्या घरातली मांडणी होती, गप्प.

घरी पोचलो तर आई अंगणात खाटेवर. मांडीपासून खाली पाय विचित्र वळलेला. माजघराच्या भिंतीचा वरचा थर, मातीत रचलेल्या विटा, तिच्यावर आला होता. काकड्याने आणि वसंतीने तिला बाहेर ओढलं होतं. काकड्या मला म्हणाला, “पयला बारका आला गुरुजी. तवा आमी समदी बाहेर निंगालो. तुमच्या घरातून कोन निंगाला नाय. मी हाका मारल्या, पन बायची मशीन चालू होती. मग मोठा आला.”

म्हणजे वेळ होता. पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये एका म्हातारीला धरून दोन उंबरठे ओलांडण्याइतका वेळ होता.

वसंती आत धावत गेली आणि बाहेर आली. तिच्या हातात एक ताट होतं, खोळीसकट. ती माझ्याकडे बघत होती.

“मी काढल्या होत्या ना? अहो, मी सकाळी काढल्या होत्या ना?”

माझ्या तोंडात खरं वाक्य होतं. अगदी दातांपर्यंत आलं होतं. काकड्या उभा होता, आई कण्हत होती, शेजारच्या बायका जमत होत्या.

“विसरली असशील,” मी म्हणालो. “घाईत होतं असं.”

माझ्या सगळ्या आयुष्याचं पाप काढलं तर या एवढ्या शब्दांत बसतं. खोळी चढवल्या ती चूक होती, टमटममध्ये आत सरकलो तो आळस. पण हे मी शुद्धीत केलं. मी तिला इतक्या हळुवार आवाजात सांगितलं की तिला ते खरं वाटलं. तिने ताटाकडे बघितलं, आणि मी तिच्या चेहऱ्यावर बघितलं की तिची ती सकाळ, खोळी झटकतानाची, तिच्या डोक्यातून पुसली जात होती.

डहाणूच्या दवाखान्यात सांगितलं की या वयात हाड जुळणं कठीण. आईला घरी आणलं. तिचं सगळं वसंतीने केलं. अंथरुणावरचं, अंगाखालचं. ताडपत्रीच्या खोळी आता आईच्या गादीला लागायच्या, रोज धुवायच्या, रोज वाळवायच्या. सुरुवातीला आई चिडली की म्हणायची, “काढते म्हणाली होतीस ना गो?” वसंती तिच्या पाठीला तेल लावत राहायची. मी ओटीवर वह्या तपासत असायचो आणि लाल शाईची रेघ जास्तच दाबून ओढायचो.

पाऊस मध्यावर आला तेव्हा आई थकली होती. एके सकाळी पेज भरवताना तिने वसंतीच्या मनगटाला धरलं. “जाऊ दे बाय,” ती म्हणाली, “मानूस इसरतो. तू मुद्दाम थोडीच केलास.” वसंती पेजेची वाटी खाली ठेवून रडली. दारात मी उभा होतो. माझी माफी तिथे माझ्यासमोर दुसऱ्याच माणसाला मिळाली, आणि मी पाऊस बघायला आलो आहे अशा आवाजात विचारलं, “गळतंय का कुठे?”

भाद्रपदात आई गेली. तेराव्याला बायका वसंतीभोवती बसल्या होत्या. धाकट्या डहाणूहून तिची आई आली होती. वसंती त्या सगळ्यांसमोर म्हणाली, “माझ्या हातून झालं. मी खोळी काढायला विसरले.” बायका तिची समजूत काढत होत्या. तिची आई म्हणाली, “तू? तू कवा इसरलीस गो पोरी?” त्या एका प्रश्नात सगळं होतं. आईला लेक ठाऊक असते. त्या म्हातारीने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मी मुंडन केलेल्या डोक्यावरून हात फिरवला आणि भटजींना काहीतरी विचारायला उठलो.

तेराव्याच्या रात्री वसंतीने ताटांच्या त्या खोळी उसवल्या. तिच्याकडे प्रत्येक जुन्या खोळीचे तुकडे मापासाठी बांधून ठेवलेले आहेत, मिक्सरचे, टीव्हीचे, माझ्या विकलेल्या सायकलचेसुद्धा. हे तुकडे मात्र तिने न्हाणीच्या चुलीत घातले.

आता ती कुणाचं माप डोक्यात ठेवत नाही. पदराच्या टोकाला दोऱ्याच्या गाठी असतात. एक गाठ नाडीची, एक चेनची. गाठ कसली हेही विसरायला होतं म्हणते. गॅस बंद केला तरी परत जाऊन बघते. कडी लावली की मला विचारते, “मी लावली ना?” मी म्हणतो, “लावलीस.” ती म्हणते, “तुम्ही बघितलंत ना?” माझ्या डोळ्यांवर तिचा इतका विश्वास आहे. परवा एक बाई गादीची खोळ शिवायला आली, तर वसंती म्हणाली, “मोठं काम नको गो, माझं डोकं आता जाग्यावर नसतं.” ती बाई निघून गेली. मी आत बसून ऐकत होतो.

तिचं डोकं जाग्यावर आहे. ते जाग्यावर नाही, हे मी तिला पटवून दिलं आहे.

कधी वाटतं, सांगून आता काय होणार? आई परत येणार नाही. वसंतीला मात्र आज जे एक दुःख आहे त्याची दोन होतील. मग लक्षात येतं, ही काळजी माझीच आहे, तिच्या नावावर घातलेली. सांगितलं तर तिच्यासमोर मला उभं राहावं लागेल, एवढंच खरं. हे लिहिलेलं छापायला देण्याआधी तिला वाचून दाखवायचं असं मी ठरवलं आहे. ठरवायला मला नेहमीच जमत आलं आहे.

आईचं देणं फिटण्यापलीकडे गेलं. वसंतीचं उरलं आहे. तिच्यासमोर बसून मला तिला सांगायचं आहे की त्या रविवारी सकाळी खोळी तू काढल्या होत्यास, मी पाहिलं होतं, आणि दुपारी त्या मी चढवल्या. हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.